घरात नेट नाही आणि स्पीकर अपडेट मागतोय: वाचकांचे प्रश्न

इंटरनेट नसलेल्या घरात वायफाय स्पीकर कसे सांभाळावेत, याविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सारखे प्रश्न एकात मिसळले आहेत.

प्रश्न: घरी राउटर आहे, पण नेटचं कनेक्शन नाही. वरच्या मजल्यावर एका खिडकीपाशी तेवढी मोबाइलला रेंज येते. सोनोस कंपनीचे चार वायफाय स्पीकर आहेत. ॲप अपडेट मागतं आणि पुढे जाऊच देत नाही. फोनचा मोबाइल डेटा चालू करून पाहिला, तरी उपयोग नाही. काय करावं?

उत्तर: अपडेटची फाइल फोन उतरवून घेत नाही, म्हणून डेटा चालू करून काही होत नाही. फोन नुसता हुकूम देतो. प्रत्येक स्पीकर आपापली फाइल कंपनीच्या सर्व्हरवरून स्वतः ओढतो. म्हणजे नेट स्पीकरपर्यंत पोचायला हवं. फाइल दुसरीकडे लॅपटॉपवर घेऊन घरी आणावी, तर सोनोसमध्ये तशी सोय नाही.

सर्वांत कमी खटपटीचा उपाय म्हणजे एखाद्या फोनच्या हॉटस्पॉटला तुमच्या राउटरचं सोंग द्यायचं. स्पीकर वायफाय ओळखतो ते नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार यांवरून. हॉटस्पॉटला हुबेहूब तेच नाव आणि तोच पासवर्ड द्या, घरचा राउटर बंद करा आणि स्पीकर एकदा वीज काढून पुन्हा लावा. ते आपसूक हॉटस्पॉटला जोडले जातात, त्यांच्या सेटिंगला हातही लावावा लागत नाही. यासाठी दोन फोन घ्या: एक हॉटस्पॉट देणारा, दुसरा ॲप चालवणारा. एकाच फोनवर दोन्ही कामं कधी जमतात, कधी ॲपला स्पीकरच दिसत नाहीत. त्यात वेळ घालवू नका.

हे फसतं ते बारीकसारीक गोष्टींत. नावातलं इंग्रजी मोठं-लहान अक्षर आणि मोकळी जागा तंतोतंत जुळली पाहिजे. आयफोनमध्ये फोनचं नाव हेच हॉटस्पॉटचं नाव असतं, ते ‘जनरल’मधल्या ‘अबाउट’मध्ये बदलता येतं. हॉटस्पॉट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर (बँडवर) ठेवा, कारण सोनोसचे बरेच जुने स्पीकर राउटरशी फक्त याच पट्ट्यावर बोलतात. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड निवडता येतो. नव्या आयफोनमध्ये ‘मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी’ चालू करा. वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-2 ठेवा, निव्वळ डब्ल्यूपीए-3 हा नवा प्रकार जुन्या स्पीकरांना कळत नाही. कोणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट थोड्या वेळाने आपोआप बंद होतो. अँड्रॉइडमध्ये ती सेटिंग काढून टाका, आयफोनमध्ये हॉटस्पॉटचं पान उघडं ठेवा. फोन चार्जरला लावलेला असू द्या.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. नाव तेच असल्यामुळे घरातला टीव्ही, लॅपटॉप आणि इतर सगळे फोनसुद्धा या हॉटस्पॉटवर धाव घेतात. लॅपटॉप स्वतःचे अपडेट उतरवू लागला की डेटा पॅक संपलाच. शिवाय हॉटस्पॉटला एका वेळी मोजकीच उपकरणं जोडता येतात. त्या जागा वायफायवर चालणाऱ्या दिव्यांनी आणि टीव्हीने अडवल्या तर चौथा स्पीकर बाहेरच राहतो. आधी बाकीच्यांचं वायफाय बंद करा, मग हॉटस्पॉट सुरू करा.

खिडकीपासचा हॉटस्पॉट खालच्या खोलीतल्या स्पीकरपर्यंत पोचत नसेल तर स्पीकर उचलून खिडकीच्या खोलीत आणा. भिंतीला बसवलेले असतील तर मात्र दुसरा रस्ता धरावा लागेल: स्पीकर आणि राउटर जागेवर ठेवायचे आणि नेट राउटरपर्यंत आणायचं. आम्हाला हाच रस्ता जास्त पसंत आहे, कारण यात स्पीकरला काही बदललेलं कळतच नाही. खिडकीपाशी फोन आणि त्याला जोडलेला ट्रॅव्हल राउटर (दुसरीकडून नेट घेऊन पुढे देणारा छोटा राउटर) ठेवा. तो फोनचं नेट यूएसबी टेदरिंगने (म्हणजे यूएसबी केबलवरून) किंवा हॉटस्पॉटवरून घेतो. त्याच्या लॅन पोर्टपासून (घरातल्या उपकरणांना नेट देणारं तोंड) इथरनेट केबल, म्हणजे नेटची केबल, खाली आणून घरच्या राउटरच्या वॅन पोर्टला (बाहेरून नेट घेणारं तोंड) लावा. इथरनेट केबल 100 मीटरपर्यंत निर्धास्त चालते. यूएसबी केबल 5 मीटरच्या पुढे भरवशाची नाही, म्हणून लांबवायची ती इथरनेट. घरच्या राउटरमध्ये वॅनचा प्रकार ‘डायनॅमिक आयपी’ ठेवा, म्हणजे पुढच्या राउटरकडून पत्ता आपोआप मिळतो. दोन्ही राउटरांचे पत्ते वेगळे हवेत: एकाचा 192.168.1.1 असेल तर दुसऱ्याचा 192.168.8.1 चालेल. दोघांचा एकच असेल तर नेट मिळणार नाही.

नेट आलं की आधी लॅपटॉपवर एखादं पान उघडून खात्री करा. मग स्पीकर एकेक करून पुन्हा चालू करा आणि नंतरच ॲपमधून अपडेट द्या. स्पीकरचं घड्याळही नेटवरूनच लागतं. घड्याळ चुकीचं असेल तर सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं आणि अपडेट अडतं. घड्याळ लागायला यूडीपी 123 हा पोर्ट मोकळा लागतो (इथे पोर्ट म्हणजे केबलचं तोंड नव्हे, राउटरमधली नेटची क्रमांक दिलेली वाट). घरच्या राउटरवर घरातून बाहेर जाणारे असे पोर्ट बंद करून ठेवले असतील तर तेवढ्या वेळेपुरते उघडा.

प्रश्न: नातेवाइकांकडे चांगलं नेट आहे. स्पीकर तिकडे नेऊन अपडेट करून आणले तर? तिथल्या वायफायला जोडायचे म्हणजे सगळं सेटिंग नव्याने करावं लागेल का?

उत्तर: स्पीकरबरोबर घरचा राउटरही न्या, म्हणजे काहीच नव्याने करावं लागणार नाही. तुमच्या राउटरचा वॅन पोर्ट त्यांच्या राउटरच्या लॅन पोर्टला केबलने जोडा. स्पीकरांना नेहमीचंच नाव आणि नेहमीचाच पासवर्ड दिसतो, पाठीमागे नेट कुठून येतं याची त्यांना फिकीर नसते. तुमचा राउटर पूर्वी कधी कनेक्शनवर असेल तर त्यात जुन्या कंपनीचं युजरनेम-पासवर्डवालं पीपीपीओई सेटिंग राहिलेलं असतं. ते बदलून डायनॅमिक आयपी करा. पत्त्यांची टक्कर इथेही होते. दोन्हीकडे 192.168.1.1 असेल तर तुमच्या राउटरचा लॅन पत्ता 192.168.50.1 करून स्पीकर पुन्हा चालू करा.

ॲपवाला फोन तुमच्या राउटरच्या वायफायला जोडा, नातेवाइकांच्या नव्हे. तिथल्या वायफायला जोडलात तर फोन राउटरच्या पलीकडच्या बाजूला पडतो आणि ॲप ‘स्पीकर सापडत नाही’ म्हणतं.

न्यायचे तर सगळे स्पीकर न्या. जड सबवूफर घरी ठेवून बाकीचे अपडेट करून आणले, की घरी आल्यावर दोन वेगळ्या आवृत्त्या एका गटात येतात आणि ॲप पुन्हा अपडेट मागू लागतं. आता तर नेट नाही, म्हणजे गाडी पुन्हा तिथेच. ज्याचा त्याचा वीजजोड न विसरता न्या. बॅटरीवर चालणाऱ्या स्पीकरलाही अपडेटच्या वेळी चार्जर लावलेला बरा.

प्रश्न: पेनड्राइव्हवरून अपडेट करता येतं असं ऐकलं. कोणत्या स्पीकरला?

उत्तर: एकमेकांशी वायफायवरून बोलणाऱ्या छोट्या स्पीकरांत ही सोय क्वचितच असते. गूगल आणि ॲमेझॉनच्या स्पीकरांना ती नाही. एव्ही रिसीव्हरमध्ये (टीव्ही आणि मोठे स्पीकर ज्याला जोडतात त्या ॲम्प्लिफायरमध्ये) मात्र बऱ्याचदा असते. यामाहाच्या म्युझिककास्ट रिसीव्हरांना पेनड्राइव्हने फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) देता येतं. बोसच्या साउंडटच मालिकेतल्या 10, 20 आणि 30 या मॉडेलांना मागे मायक्रो यूएसबीचं तोंड आहे, पण ते कॉम्प्युटरला जोडण्यासाठी, पेनड्राइव्हसाठी नाही. ॲपलचा होमपॉड मिनी त्याच्या यूएसबी-सी केबलने मॅकला जोडून फाइंडरमधून रिस्टोअर करता येतो, पण त्या वेळी मॅकला नेट लागतंच. मोठ्या होमपॉडला अशी सोय नाही.

ज्याला पेनड्राइव्ह चालतो त्याच्या बाबतीत चुका ठरलेल्या आहेत. पेनड्राइव्ह फॅट-32 प्रकाराने फॉरमॅट केलेला हवा. 32 जीबीपेक्षा मोठा पेनड्राइव्ह विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीतून बहुधा एक्सफॅट होतो आणि रिसीव्हर तो वाचत नाही, म्हणून 8 किंवा 16 जीबीचा जुना शोधून काढा. झिप फाइल तशीच टाकू नका, उघडून आतली फाइल कोणत्याही फोल्डरमध्ये न घालता थेट पेनड्राइव्हवर ठेवा. तीच फाइल दोनदा उतरवली की कॉम्प्युटर नावापुढे कंसात 1 लावतो. त्या नावाची फाइल यंत्र ओळखत नाही. मॉडेल क्रमांकातलं शेवटचं अक्षरही जुळवून घ्या. कंपनीने ‘आधी अमुक आवृत्ती, मग तमुक’ असा क्रम दिला असेल तर मधली पायरी गाळू नका.

प्रश्न: स्पीकर बोलेना म्हणून घरातल्या कोणीतरी रीसेटचं बटण दाबून धरलं. आता तो नवा सेटअप मागतो आणि सेटअपला नेट लागतं.

उत्तर: नेट नसलेल्या घरात रीसेट हा उपाय नाही, ती नवी अडचण आहे. रीसेटने वायफायचं नाव, पासवर्ड आणि खात्याशी असलेली नोंद पुसली जाते. फर्मवेअर बहुधा होतं तेच राहतं. म्हणजे हातात काही येत नाही आणि चालू असलेलं जातं. सोनोस, गूगल नेस्ट, ॲमेझॉन एको या सगळ्यांना पहिल्या सेटअपसाठी कंपनीच्या सर्व्हरशी बोलावं लागतं.

नेट असतानासुद्धा रीसेट अंगाशी येतं, याचं उदाहरण 2025 चं आहे. 9 मार्चला गूगलच्या दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्टमधलं आणि क्रोमकास्ट ऑडिओमधलं (फोनवरचं चित्र-गाणं टीव्हीवर किंवा स्पीकरवर पाठवणारी उपकरणं) एक सुरक्षा प्रमाणपत्र मुदत संपून निकामी झालं आणि जगभरची ही उपकरणं एकदम अडली. रीसेट करू नका असं गूगलने सांगितलं होतं. ज्यांनी केलं नव्हतं त्यांची उपकरणं नव्या अपडेटने सुधारली. ज्यांनी आधीच केलं होतं त्यांना सेटअपसाठी ॲपच्या नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागली. अनेक वर्षं नेटपासून दूर राहिलेल्या जुन्या उपकरणालाही हाच धोका असतो: आतली प्रमाणपत्रं मुदतीबाहेर जातात.

तुमच्यापुरता उपाय पहिल्या उत्तरातल्या सोंगाचाच आहे. राउटर बंद करून त्याच नावाचा हॉटस्पॉट एका फोनवर चालू करा, दुसऱ्या फोनने त्याला जोडून सेटअप पूर्ण करा. अपडेट आलं तर तेही तिथेच होऊ द्या. मग हॉटस्पॉट बंद, राउटर चालू. नाव-पासवर्ड तेच असल्यामुळे स्पीकर राउटरवर परत जातो. होमपॉडच्या बाबतीत तर दुसरा फोन हवाच, कारण तो आयफोन ज्या वायफायवर असेल त्याचीच माहिती घेतो. हॉटस्पॉट देणारा आयफोन स्वतः कोणत्याच वायफायवर नसतो.

प्रश्न: होस्टेलच्या वायफायला आधी वेब पानावर जाऊन लॉगिन करावं लागतं. स्पीकर जोडता येईल का?

उत्तर: थेट नाही. स्पीकरला पडदा नाही, ब्राउझर नाही. ते पान तो उघडणार कुठे? ट्रॅव्हल राउटर मधे घाला. तो होस्टेलच्या वायफायला ग्राहक म्हणून जोडला जातो (मेनूमध्ये हा पर्याय ‘विस्प’ किंवा ‘रिपीटर’ नावाने असतो, दोन्ही असतील तर विस्प घ्या) आणि स्वतःचं वेगळं वायफाय देतो. लॅपटॉप त्या नव्या वायफायला जोडून लॉगिनचं पान एकदा भरलं, की मागची सगळी उपकरणं त्याच लॉगिनवर चालतात. ठरावीक तासांनी लॉगिन संपत असेल तर अपडेट सुरू करण्याच्या आधी ताजं लॉगिन करा. असा राउटर लावायला परवानगी आहे का, हे आधी विचारून घ्या. काही संस्था तो दिसला की बंद पाडतात.

प्रश्न: स्पीकर वर्षभर नेटशिवाय मजेत चालले. चार दिवस बाहेरगावी जाऊन आलो आणि ॲप म्हणतं, सिस्टीम जुनी आहे. घरात तर काहीच बदललं नव्हतं!

उत्तर: घरात नाही, खिशात बदललं. बाहेरगावी नेट मिळताच फोनने ॲप स्वतःहून नवं केलं. ॲप पुढे गेलं, स्पीकर मागे राहिले.

हे टाळायचं तर अँड्रॉइडमध्ये प्ले स्टोअरवर त्या ॲपचं पान उघडा आणि कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांतून ऑटो अपडेटची खूण काढा. आयफोनवर एकट्या ॲपसाठी ही सोय नाही. ॲप स्टोअरच्या सेटिंगमधून सगळ्यांचंच बंद करावं लागतं. तिथेच ‘ऑफलोड अनयूज्ड ॲप्स’ही बंद करा, नाहीतर बरेच दिवस न वापरलेलं ॲप फोन काढून टाकतो आणि परत घेताना नवीच आवृत्ती येते. याहून चांगलं म्हणजे एक जुना फोन किंवा टॅबलेट फक्त स्पीकरसाठी घरीच ठेवणं. त्याला बाहेरच नेलं नाही तर तो बदलणार कशाला?

सोनोसवाल्यांनी आणखी एक पाहावं. जून 2020 मध्ये सोनोसने ॲप दोन केले, एस-1 आणि एस-2. पहिल्या पिढीचा प्ले-5, जुने कनेक्ट आणि कनेक्ट-ॲम्प एस-1 वरच राहिले. इरा-100 सारखे नवे स्पीकर फक्त एस-2 वर चालतात. या दोन्ही गटांत एकाच वेळी गाणं वाजवता येत नाही. फोनमध्ये चुकीचं ॲप असेल तर ‘सिस्टीम सापडली नाही’ एवढंच दिसतं, आणि माणूस नेटला दोष देत बसतो.

प्रश्न: अपडेट अर्ध्यावर अडकलंय, दिवा लुकलुकतोय. वीज बंद करू का?

उत्तर: लगेच नको. कमी रेंजमध्ये एकेका स्पीकरला अर्धा तासही लागू शकतो. हॉटस्पॉट देणाऱ्या फोनवर डेटाचा आकडा वाढतोय का ते बघा. वाढत असेल तर फाइल उतरतेय, हात लावू नका. आकडा थांबला आणि दिवा लुकलुकतोय, तर बहुधा फाइल आत लिहिली जातेय. ही वेळ सर्वांत नाजूक. अशा अवस्थेत तासभर काहीच हाललं नाही तरच वीज काढा, काही सेकंद थांबा, पुन्हा लावा. पुष्कळ उपकरणं जुनं सॉफ्टवेअर एका कप्प्यात ठेवून नवं दुसऱ्यात लिहितात, त्यामुळे ती जुन्यावर परत येतात. सगळीच तशी नसतात. वीज बेभरवशाची असेल तर राउटर आणि स्पीकर इन्व्हर्टरवर घेऊनच सुरुवात करा, आणि सगळे एकदम न करता एकेक करा.

प्रश्न: नेट नाहीच, तर अपडेट करायची गरज तरी काय? आणि अशा घरासाठी नवा स्पीकर घेताना काय पाहावं?

उत्तर: जे वाजतंय ते वाजू द्या, असं आमचं मत. बाहेरून हल्ला व्हायला नेटची वाट लागते, ती तुमच्याकडे नाही. ब्लूटूथमधल्या त्रुटींचा धोका उरतो, पण त्यासाठी कोणीतरी घराच्या आसपास यावं लागतं. नवा स्पीकर त्याच गटात जोडायचा असेल, नवा फोन घेतल्यामुळे ॲप नवंच येणार असेल, किंवा एखादा दोष खरोखर त्रास देत असेल, तर अपडेटचा घाट घाला. उगीच नको.

घेताना आवाजाच्या आधी मागची बाजू पाहा. ऑक्स किंवा लाइन-इनचं तोंड (केबलने गाणं देण्यासाठी) आणि ब्लूटूथ, यांपैकी एक तरी हवंच. एअरप्ले (ॲपलची) आणि डीएलएनए या वायफायवरून स्पीकरला गाणं पाठवण्याच्या पद्धती घरातल्या वायफायवर नेटशिवाय चालतात. राउटर नुसता चालू असला म्हणजे पुरे. गूगलच्या अशाच पद्धतीला, गूगल कास्टला, नेट लागतं असंच समजून चाला, आणि बोलून चालवायचे सहायक तर नेटशिवाय मुकेच. सोनोस वनला लाइन-इनही नाही, ब्लूटूथवरून गाणंही नाही, मात्र एअरप्ले आहे. म्हणजे आयफोनवाल्या घरात तो चालतो, अँड्रॉइडवाल्या घरात त्याची अडचण होते. इरा-100 ला ब्लूटूथ आहे, लाइन-इनसाठी वेगळा ॲडाप्टर घ्यावा लागतो.

रोज गाणी लावताना फोनवर ‘या वायफायला इंटरनेट नाही’ असा इशारा येईल. ‘तरीही जोडलेलं ठेवा’ निवडा, आणि फोन आपोआप मोबाइल डेटावर उडी मारतो ती सेटिंग बंद करा. आयफोनमध्ये तिचं नाव ‘वायफाय असिस्ट’ आहे. नवा स्पीकर कोणताही घ्या, तो घरी नेण्याआधी जिथे नेट आहे तिथेच खोक्यातून काढा. सेटअप आणि सगळे अपडेट उरकून घ्या, आणि तिथल्या वायफायला तुमच्या घरच्या राउटरचं नाव-पासवर्ड देता आलं तर सोन्याहून पिवळं.